समोर बसून

मला विडी वळायला शिकवायचा नाद
आईनं आठ दिवसांत सोडला.
माझं सगळंच डावं.
जेवताना मनगटावर पळी बसायची,
पाटीवर लिहिताना पट्टी.
मी तिच्या शेजारी बसून तिची बोटं बघायचे
आणि माझी बोटं गोंधळून
एकमेकींना विचारायची, आता कोण?

बोळाच्या टोकाला पोसव्वा येलदी.
घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
भांडायला कन्नड. त्यात जोर येतो, म्हणायची.
मांडीवरचं सूप सारून म्हणाली,
"शेजारी कशाला बसतीस? रा. इकडं समोर कूर्चो."
एवढंच.
समोर बसले तर तिचा उजवा हात
माझ्या डाव्यासमोर आला,
आरशात यावा तसा.
पहिल्या दिवशी सोळा विड्या.
त्यातल्या चार ओढण्यालायक.

शिकवणं म्हणजे काय, ते पुढं मला पुष्कळांनी सांगितलं.
डी.एड.ला तर त्याचा पेपरच होता, शंभर मार्कांचा.
त्यात कुठंच नव्हतं
की कधी कधी नुसती बसायची जागा बदलायची असते.

शाखेत चेकर चनबसप्पा माझा कट्टा उजेडात धरायचा.
"ही उलटी वळलीय." की टाकला छाटात.
एकदा पोसव्वानं त्यातलीच एक उचलून
त्याच्या तोंडासमोर धरली,
"पेटव. बघू धूर उलटा निघतोय का."
रांगेतल्या बायका हसल्या,
चेकरही, मिशीतल्या मिशीत.
तेव्हापासून माझ्या विड्या चालल्या.
कुठल्या तरी लांबच्या स्टँडवर
कुणी तरी एक उलट्या वळणाची ओढली असेल
आणि त्याला कळलंही नसेल.
मला मात्र ते फार दिवस पुरलं.

ती काही देवमाणूस नव्हती, हेही सांगते.
माझ्या शेकड्यामागं दहा
ती गुपचूप आपल्या हजारात घालायची.
पकडली तर म्हणाली, "शिकवणीची फी."

आठवीत मी तिला सही शिकवायला घेतली.
ऐटीत समोर बसले, तिच्यासारखी.
तर तिला प्रत्येक अक्षर डोक्यावर उभं दिसायला लागलं.
दोन दिवस ती काही बोलली नाही,
स्वतःलाच ढ समजत राहिली.
मग माझ्या डोक्यात उजेड पडला.
उठून तिच्या मागं गेले,
खांद्यावरून हात घातला.
तिच्या केसांना तंबाखूचा वास होता
आणि पेन्सिल सुईसारखी धरलेली.

मागच्या मार्चात तिची उजवी बाजू गेली.
सिव्हिलमध्ये बारा दिवस.
कन्नड गेलं, मराठी गेली,
तेलुगू राहिली, तीही अर्धी.
आता विडी घरकुलात, लेकीकडं,
तापलेल्या पत्र्याखाली भिंतीला टेकून असते.
पेन्शनच्या कागदाला लेकीनं शाईचा पॅड आणला,
म्हणाली, अंगठा दे, सुटलो.
पोसव्वानं डाव्या हातानं
तो पॅड खाटेखाली ढकलला.

म्हणून मी रविवारी जाते.
आता समोर नाही, मागं नाही,
शेजारीच बसते.
दोन डावे हात, एका रांगेत.
कागद तिरका धर, असा.
मनगट शाईत भरणार. भरू दे,
माझं चाळीस वर्षं भरतंय.

काल पहिल्यांदा 'पो' उमटला.
माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.
तिनं कागद उचलला,
खिडकीच्या उजेडात धरला, चेकरसारखा,
इकडून बघितला, तिकडून बघितला,
चुरगाळून छाटात टाकला
आणि नवा मागितला.